खिंड नसलेलं आवार

माझी थोरली जाऊ मुळात कमी बोलते, आणि जे बोलते ते उलटं. चहा घेणार का विचारलं तर "कशाला उगीच" म्हणते, म्हणजे हवा असतो. हे कळायला मला लग्नानंतर वर्ष लागलं. त्या वर्षभरात ती आमच्या घरून कितीदा बिनचहाची उठली, ते ती अजून विसरलेली नाही. गावात लहानथोर सगळे तिला थोरलीच म्हणतात. बुटकी, रुंद पंजांची, उजव्या अंगठ्याचं नख कधीतरी दगडाखाली सापडून कायमचं काळं पडलेलं. मी घरी शिवणकाम करते, माझी बोटं सुईनं टोचून खरखरीत झालीत, पण तिच्या हाताशेजारी माझा हात ठेवला की तो राजकन्येचा वाटतो.

आमचं गाव उघड्या माळावर आहे आणि माळावर वारा आहे. माझं लग्न ठरवताना मुलाकडच्यांनी सगळं सांगितलं, वाऱ्याचं तेवढं सांगितलं नाही. इथे दोरीवर घातलेली चादर चिमटे तोडून जाते. गवताखेरीज काही उभं राहत नाही. म्हणून जुन्या लोकांनी दगडांची गोल आवारं बांधली. दोन पुरुष उंच भिंत, ना चुना ना माती, नुसता दगडावर दगड बसवलेला. आत वारा शिरत नाही, उन्हाची ऊब टिकते, आणि मग तीच जमीन भरभरून देते. आमच्या घरच्या आवारात कांदे, पालेभाजी आणि संत्र्याची चार झाडं होती. दोन सासूबाईंनी लावलेली, दोन थोरलीनं. ती झाडांना पोरांसारखं मानायची असं मी लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं नव्हतं. मूलबाळ तिला नाही, आणि त्याबद्दल तिच्यापाशी कोणी शब्द काढायचा नाही. झाडांना ती झाडंच मानायची, फक्त त्यांच्यासाठी मरमर राबायची. थोरल्या दिरांच्या छातीनं दगा दिला, ते खिडकीजवळच्या खाटेला खिळले, तेव्हापासून त्या घराची चूल त्या चार झाडांवर पेटत होती.

या आवारांना दार नसतं. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला भिंतीत एक खिंड असते, वाकून एक माणूस जाईल एवढी, आणि ती दगडांनीच बुजवलेली असते. सकाळी दगड काढून आत जायचं, काम झालं की बाहेर येऊन पुन्हा रचायचे. पहिला दगड कुठला ओढायचा ते ठाऊक असेल तर काम झटक्यात होतं. ठाऊक नसेल तर बसा भिंतीला ढुशा देत. आणि आपली खिंड कुठे आहे ते परक्या माणसाला सांगायचं नाही, हे इथल्या प्रत्येक घरात ठरलेलं. चोरांच्या भीतीपोटी कोणे एके काळी सुरू झालं असेल. थोरली खिंड अशी बुजवायची की फटींमधून शेवाळाचे तुकडेसुद्धा जिथल्या तिथे बसायचे. थोरलीच्या खिंडीत मुंगीलाही रस्ता विचारावा लागेल, असं बायका म्हणायच्या. हे तिच्या कानावर घातलं की ती "काहीतरीच" म्हणायची आणि दिवसभर खुशीत असायची.

मग खालून रस्ता आला. रस्त्याच्या ठेकेदाराला भरावासाठी दगड हवे होते, आणि माळावर ते आयते रचून ठेवलेले होते. माळ सरकारचा. आवारं आमची, पण ती फक्त आमच्या तोंडानं आमची. बरेचसे लोक पोटामागे शहरात गेलेले, त्यांच्या आवारांना वाली नव्हता. यंत्र यायचं, एक दात लावायचं, आणि शंभर हातांनी उचललेली भिंत दुपारपर्यंत डंपरमध्ये भरलेली असायची. भिंत गेली की आतलं एकेक झाड चार दिवसांत उघडंबोडकं व्हायचं. होता होता आमचं एकच आवार उरलं. थोरली रोज तिथे जायची आणि यंत्राचा आवाज कुठून येतोय ते ऐकत संत्र्यांना पाणी घालायची.

आमचे हे दुधाची गाडी चालवतात. शहरात दुधाचे कॅन रिकामे करताना त्यांना कळलं की जुन्या वास्तू जतन करणारं एक खातं असतं, आणि त्या खात्याचा शिक्का बसला की ठेकेदाराच्या बापालाही दगड हलवता येत नाही. ह्यांनी खेटे घातले, नाकी नऊ आले, पण शेवटी खात्याची एक मुलगी मापं घ्यायला आली. तिचं नाव आम्ही मापवाली ठेवलं. तरुण, सालस, बूट चिखलात बुडाले तरी तक्रार नाही. तिनं भिंत चहूबाजूंनी मोजली, वरून उडता कॅमेरा फिरवला, दगडांवरून हात फिरवत राहिली. थोरलीनं त्या सकाळी खिंड जीव ओतून बुजवली होती. मोठी माणसं येणार, घर आवरायला नको का? तसंच.

मापवालीनं दोनदा फेरी मारली, मग थोरलीला विचारलं, "मावशी, आत कुठून जाता?"

थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. परक्या माणसाला खिंड सांगायची नाही हे आमच्या हाडात मुरलेलं होतं.

"शिडीनं," थोरली म्हणाली. फळं उतरवायची शिडी भिंतीला टेकून होतीच.

"म्हणजे दारच नाही याला?"

"कशाला हवं?" थोरलीनं आपलं नेहमीचं उलटं उत्तर दिलं.

मापवालीचे डोळे लकाकले. तिनं सगळं लिहून घेतलं, पुन्हा फेरी मारली, पुन्हा लिहून घेतलं. आम्हाला वाटलं, पाहुणी खूश झाली.

शिक्का बसला. ठेकेदाराचं यंत्र फाट्यापर्यंत मागे गेलं. आवाराभोवती तार आली, आणि पाटी आली. पाटीवर लिहिलं होतं की हे आवार अखंड आहे, त्याला प्रवेशमार्ग नाही, आणि या प्रकारचं हे एकमेव ज्ञात उदाहरण असल्यानं ते संरक्षित आहे. ह्यांनी पाटी मोठ्यानं वाचून दाखवली आणि आम्ही पोट धरून हसलो. खाटेवर थोरले दीर हसता हसता खोकायला लागले, तरी हसायचे थांबेनात. थोरली मात्र लवकर गप्प झाली. तिनं विचारलं, मग आता मी आत जायचं कसं?

त्याचं उत्तर पाटीच्याच शेवटच्या ओळीत होतं. परंपरेनुसार शिडीचा वापर चालू ठेवता येईल.

तार घालून खात्यानं एक राखणदारही नेमला. भला माणूस, कुठल्यातरी सखल गावचा. वाऱ्यानं त्याचा जीव मेटाकुटीला आला तेव्हा त्यानं आडोशाची बाजू शोधली, पत्र्याची शेड टाकली आणि भिंतीला खुर्ची टेकवून दिवसरात्र तिथेच बसला. आडोशाची बाजू म्हणजे खिंडीची बाजू. त्याची पाठ नेमकी आमच्या खिंडीच्या दगडांना टेकलेली असायची. पहिल्या दिवशी मी ते बघून तोंडाला पदर लावला. हसू येत होतं म्हणून. पुढे पुढे त्या माणसाची पाठ दिसली की मी दुसरीकडे बघायला लागले.

कारण पाऊसकाळ संपला आणि पाणी घालायचे महिने सुरू झाले. खालच्या झऱ्यावरून पाण्याचे कॅन आणायचे, एकेक पाठीला बांधून दोन पुरुष उंच शिडी चढायची, भिंतीच्या माथ्यावर बसून कॅन दोरीनं आत सोडायचा, मग दुसरी शिडी उतरायची. खिंडीतून हेच काम ती गुणगुणत करायची. आता तिचे गुडघे सुजून लाकडासारखे झाले. मी मशीन बंद ठेवून जायचे, पण मला उंचीवर चक्कर येते, मी फक्त खालून कॅन देऊ शकायचे. वर गेलेल्या थोरलीकडे मी बघायचे नाही. वाऱ्यात तिचं लुगडं फडफडायचं आणि ती एका हातानं भिंत धरून बसायची.

ह्यांना ते बघवेना. त्यांनी डेअरीतून पंप आणि लांब पाइप मागून आणला. वहिनी, तुम्ही खाली उभ्या राहा, आता पाणीच वर जाईल, म्हणाले. पंप सुरू झाला, पाइपाला झटका बसला, आणि भिंतीच्या माथ्यावरचे दोन दगड सरकून खाली आले. लागलं कोणालाच नाही. राखणदार मात्र उठून उभा राहिला. बिचाऱ्यानं आमची माफी मागून वर कळवलं. कळवलं नसतं तर त्याची नोकरी गेली असती. आठ दिवसांत हुकूम आला, तपासणी होईपर्यंत भिंतीला शिडी, दोर, पाइप, काहीही लावायचं नाही. तपासणी कधी, ते कोणालाच माहीत नव्हतं.

तेव्हापासून थोरली रोज जायची आणि तारेबाहेर उभी राहायची. आत काय चाललंय ते दिसायचं नाही. एकदा ती मला म्हणाली की पानांचा आवाज बदललाय, कोरडा झालाय. मला काही ऐकू आलं नाही, वाराच ऐकू आला. तिनं जेवण जवळजवळ टाकलं. मी डबा न्यायचे, तर "कशाला उगीच" म्हणायची, आणि या वेळी खरोखरच नको असायचं.

मी एकदा तडकले. भरल्या घरात म्हणाले, सरळ सांगून टाका खिंडीचं, काय चोरी केलीय आपण? ह्यांनी कपाळाला हात लावला. अशी आवारं देशभर पडलेली आहेत, म्हणाले, आपलं राखलं ते फक्त दार नाही म्हणून. दार निघालं की शिक्का गेला, आणि यंत्र अजून फाट्यावर उभं आहे. थोरले दीर खिडकीकडे तोंड करून पडले होते. त्यांच्या बोलण्यात मध्ये मध्ये दम लागायचा, म्हणून ते निवडून बोलायचे.

"सांगितलं तर झाडं वाऱ्यानं जातील," ते थोरलीला म्हणाले. "नाही सांगितलं तर पाण्यावाचून जातील. तुला कसं मरण बघवेल तेवढं सांग."

दम घेऊन दीर पुढे म्हणाले की इतके महिने उघडली नाही, वरचे दगड हलले, एव्हाना खिंड बसलीही असेल. रोज न उघडलेल्या खिंडीवर भिंतीचं वजन उतरतं, ती मग उघडत नाही. थोरली एवढंच म्हणाली, "माझी नाही बसायची." तिच्या आवाजात तसा गर्व मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. डोक्यावरून पदर, पायात ह्यांच्या आईच्या वेळच्या चपला. म्हणाली, चल. आम्ही बसनं शहरात गेलो. खात्याची कचेरी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, तिचे गुडघे तसे. प्रत्येक मजल्यावर ती थांबायची आणि भिंतीला हात लावून बघायची. सवय. मापवालीनं आम्हाला बघितलं आणि उठून खुर्ची दिली, पाणी दिलं. थोरलीनं पाण्याला हात लावला नाही.

"आवाराला खिंड आहे," ती म्हणाली. "मी खोटं बोलले होते."

मापवालीचा चेहरा पडला. तिनं विचारलं, मग तेव्हा का नाही सांगितलं? थोरलीला ते सांगता येईना. मी सांगायचा प्रयत्न केला, परक्याला सांगत नाहीत वगैरे. त्या टेबलाशी, त्या पंख्याखाली माझं मलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं. मापवालीनं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली की तपासणी लांबली, झाडं वाळताहेत, हे तिला माहीत आहे, तीही मागे लागली आहे. पण आत जाता यावं म्हणून माणूस काहीही सांगेल, नाही का? तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तिला सोडली नसती. शेवटी थोरली म्हणाली, ये आणि बघ, हातानं उघडून दाखवते. मापवाली हो म्हणाली. मुलगी वाईट नव्हती, हीच सगळी पंचाईत होती.

ती आली. राखणदारानं शेड बाजूला केली, खुर्ची उचलली. इतके दिवस पाठ टेकून तो जिथे बसला होता तिथे दगड गुळगुळीत दिसत होते, बाकी भिंतीसारखेच. थोरले दीर येऊ शकत नव्हते, पण आम्ही तिघंही होतो. थोरली खाली बसली. तिनं उजवा हात एका दगडाखाली घातला, अंगठा वर ठेवला आणि ओढलं. ती नेहमी हसत ओढायची, लोण्यातून काढल्यासारखा दगड बाहेर यायचा. दगड हलला नाही. तिनं पकड बदलली. मग दोन्ही हात लावले, पाय भिंतीला रोवला. तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला, तसा आवाज मी बाळंतिणींच्या खोलीबाहेर ऐकलाय. दगड हलला नाही. तिनं शेजारचा धरला, मग खालचा. बोटांची टोकं फुटली, दगडावर रक्त लागलं, तरी ती चाचपडतच होती.

हे धावत जाऊन गाडीतली पहार घेऊन आले. मापवाली आडवी आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती बाजूला झाली नाही. पहारेनं तर कुठलीही भिंत उघडेल, ती म्हणाली. हातानं उघडते असं मावशीच म्हणाल्या होत्या. मग ती थोरलीजवळ बसली, आपल्या रुमालानं तिची बोटं पुसायला लागली, आणि समजूत काढावी तशी म्हणाली, "मावशी, काळजी करू नका. तुमचं आवार सुरक्षित आहे. मी काहीसुद्धा बदलून लिहिणार नाही."

थोरलीनं हात सोडवून घेतला. ती त्या दगडांकडे बघत होती, मग डावीकडे, मग उजवीकडे. तीस वर्षं जी खिंड तिनं रोज उघडली आणि रोज बुजवली, ती तिला सापडत नव्हती. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"धाकटे," ती म्हणाली, "इथंच होती ना गं?"

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले, जोरात म्हणाले. पण मी भिंतीकडे पाहिलं, आणि देवाशपथ सांगते, मलाही दिसेना. दगड, शेवाळ, दगड. सगळीकडे सारखंच. त्या क्षणी मला सगळ्यांचा राग आला. त्या मुलीचा, ठेकेदाराचा, खिंड लपवणाऱ्या आमच्या वाडवडिलांचा, आणि एवढ्या सफाईनं खिंड बुजवणाऱ्या या बाईचासुद्धा. तिला उठवायला मी वाकले तर ती इतकी हलकी लागली की मलाच रडू आलं.

मापवालीनं शब्द पाळला. तिनं मागे लागून तपासणी उरकून घेतली, आणि खात्यानं खास एक लोखंडी शिडी पाठवली, स्वतःच्या चार पायांवर उभी राहणारी, भिंतीला न टेकता माथ्यापर्यंत पोचणारी. त्याला बरेच दिवस गेले होते. राखणदारानं आणि ह्यांनी मिळून ती उभी केली. थोरलीची बोटं अजून बांधलेली होती, गुडघा वाकत नव्हता, तरी ती पहिल्या पायरीवर चढली आणि तिथेच थांबली. मी तिला खाली घेतलं. ह्यांनी पाऊल उचललं, पण थोरलीनं माझ्याकडे बोट केलं. तिला बाईमाणसाच्या तोंडून ऐकायचं असावं, किंवा मी खोटं बोलले तर तिला ओळखता येतं म्हणूनही असेल.

मी चढले. डोळे मिटून चढले. माथ्याशी पोचल्यावर वाऱ्यानं कानशिलं बडवली, मी दोन्ही हातांनी शिडीचं लोखंड घट्ट धरलं आणि डोळे उघडून आत पाहिलं. भिंतीच्या आत वारा नव्हता, सगळं निवांत होतं. पानं गळून बुंध्यांभोवती गोल पडली होती, एकही उडालं नव्हतं. फांद्या राखेच्या रंगाच्या. एका झाडावर सुकून काळी पडलेली दोन संत्री अजून लटकत होती. मी पुन्हा पुन्हा पाहिलं, कुठे एखादी डहाळी तरी ओली असेल म्हणून.

"कुठलं आहे?" खालून थोरलीनं विचारलं. चारांतलं एखादं राहिलं असेल, हे तिनं धरलंच होतं.

खोटं बोलावं असं फार मनात आलं.

"एकही नाही, जाऊबाई."

मी मान वळवून पाहिलं. ती शिडीचे दोन पाय दोन्ही हातांनी दाबून धरून उभी होती.

"मग उतर," ती म्हणाली. "वारा सुटलाय. पडशील."